आठ, नऊ

शेणीच्या धुराला दोन थर असतात. वरचा कडवट, डोळ्यांना झोंबणारा. त्याखालचा गवताचा, जवळजवळ गोडसर, आणि कपड्यांत मुरून राहणारा. रत्नागिरीत मी मांडवीच्या बाजूला राहते. इथला वारा समुद्रावरून येतो आणि सोबत मीठ, मासळी, जेटीवरच्या ओल्या दोरांचा वास असं काहीबाही घेऊन येतो. शेणीचा धूर आता त्यात सापडत नाही. तो सापडतो माझ्या कपाटात. तिथे टांगलेल्या जाड निळ्या जाकिटाची बाही नाकाशी नेली की आधी डांबरगोळ्या लागतात, मग मागून हळूच तो दुसरा थर येतो, आणि त्यात आंबलेल्या दुधाची बारीकशी रेघ. जाकीट मी दोनदा धुतलं. तिसऱ्यांदा धुवायला काढलं आणि तसंच कोरडं परत टांगलं.

दूरदेशीचे थरारक अनुभव लिहून द्या, असा या अंकासाठी निरोप आला तेव्हा मी जरा हसले. बावीस वर्षं मी सहल व्यवस्थापक होते. गेल्या वर्षी थांबले. रत्नागिरीतल्या एका लहानशा कचेरीतून पंधरा-वीस माणसं घेऊन निघायचं आणि जितकी नेली तितकी परत आणायची, हा माझा व्यवसाय. त्याआधी मराठी घेऊन एम.ए. केलं होतं. दोन वर्षं महाविद्यालयात तासिकेवर कविता शिकवली. ते तास बंद झाले, तेव्हा चार महिन्यांपुरती म्हणून ही खुर्ची धरली. त्या खुर्चीत बसायला फारसं मिळालं नाही, एवढंच.

“तुमची मजा आहे हो, जग बघता!” असं भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, कुणीही म्हणे. जग मी पाहिलं खरं, पण बहुतेक वेळा त्याच्याकडे पाठ करून. धबधबा असो, हिमनदी असो, वाळवंटातला सूर्यास्त असो, माझं तोंड माणसांकडे. कोण घसरतंय, कुणाचे ओठ निळे पडलेत, कोण फोटोच्या नादात कठड्यापलीकडे गेलंय. त्यामुळे जगातली कित्येक नावाजलेली दृश्यं मी माझ्या प्रवाशांच्या चष्म्यांत पाहिली आहेत: इवलीशी, दोन-दोन.

बाहेरच्यांना वाटतं, आम्हाला इतिहास-भूगोल तोंडपाठ असावा लागतो. ते काम तिथला स्थानिक वाटाड्या करतो. आमचं काम निराळं. कुणाला खालच्या मजल्यावरची खोली हवी, कुणाचा चतुर्थीचा उपास, कोणत्या दोन जावा एकमेकींशी बोलत नाहीत आणि तरीही शेजारी बसायचा हट्ट धरतात, हे ध्यानात ठेवायचं. खिडकीवरून भांडणं होऊ नयेत म्हणून रोज सगळ्यांना दोन-दोन ओळी मागे सरकवायचं. तिसऱ्या दिवशी काही झालं तरी पानात भात पडेल असं पाहायचं. तो पडला नाही, तर बर्फाच्या शिखरांचंही माणसांना काही वाटेनासं होतं.

गंमतीही पुष्कळ. मालगुंडचे एक बागायतदार, नाना, आइसलँडला माझ्या गटात होते. क्षितिजापर्यंत काळा, गोठलेला लाव्हा. सगळे स्तब्ध. नाना वाकले, दगडावर नख घासून पाहिलं आणि म्हणाले, “हा तर आपला कातळाचा सडा!”

मी म्हटलं, “नाना, हा ज्वालामुखी.”

“असो. सुरुंग लावून खड्डे मारायचे, वरून दोन गाडी माती. हापूसची कलमं लागतील की नाय बघा.”

“आणि थंडी?”

“थंडीचं बघू मागाहून,” असं म्हणून नाना पावलांनी अंतर मोजायलाही लागले. इतक्या लांब येऊन माणूस आपलाच कातळ शोधतो, हे मला तेव्हा विनोदी वाटलं होतं.

पण या कामाचा कणा म्हणजे गणती. गाडी हलण्यापूर्वी, दर वेळी, दिवसातून आठ-दहा वेळा. इतर कंपन्यांची मंडळी बोट रोखून डोकी मोजतात. मला ते कधी जमलं नाही. पंगतीची पानं मोजावीत, माणसं बोटानं मोजू नयेत, असं लहानपणापासून ऐकलेलं. माझ्या पहिल्याच सहलीत जयगडचे एक निवृत्त खलाशी होते. माझी अडचण पाहून त्यांनी तोडगा काढला. “बाय, जहाजावर कसं करतात माहीत हाय? ज्यानं त्यानं आपला आकडा आपल्या तोंडानं बोलायचा. बोट दाखवायलाच नको.” त्यावर कुणीतरी भर घातली, की पहिल्यानं ‘एक’ म्हणू नये, भात मापताना म्हणतात तसं ‘लाभ’ म्हणावं. तेव्हापासून माझ्या गाडीत गणती अशीच झाली. लाभ, दोन, तीन, चार… आकडे पुढून मागे जात आणि मागून पुढे येत. कुणाचा आवाज झोपेनं जड, कुणाचा तोंडात लवंग धरलेला, कुणाचा अजून सकाळच्या भांडणानं कापरा. मी डोळे मिटून ऐकत असे. कविता शिकलेल्या माणसाला आपल्या कानांचा थोडा गर्व असतो. मला तर चांगलाच होता.

ज्या सहलीविषयी लिहायचं आहे, ती किरगिझस्तानची. सोळा प्रवासी, एक लहान बस, अझामत नावाचा मितभाषी चालक आणि मोडकं हिंदी बोलणारी एक दुभाषी मुलगी. प्रवाशांत पूर्णगडचं एक जोडपं होतं. ते सेवानिवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्या माई, सत्तरी ओलांडलेल्या. मास्तर मोठे व्यवस्थित गृहस्थ. माईंचं पारपत्र, मधुमेहाच्या गोळ्या, दोघांत मिळून असलेला एक फोन, सगळं त्यांच्या गळ्यातल्या चामडी पिशवीत. माईंना मी काही विचारलं की उत्तर मास्तर देत. “माई, चहा बिनसाखरेचा ना?” “बिनसाखरेचा. अर्धाच द्या तिला.” “माई, झोप लागली का?” “लागली. उशी बदलून घेतली मी.” माई नुसत्या मान हलवत, जणू त्यांनाही ते उत्तर आताच कळलं होतं.

गणतीत मास्तरांचा आकडा आठ, माईंचा नऊ. पहिल्या दिवसापासून मास्तर एका दमात म्हणत, “आठ, नऊ!” आवाज एकच, शाळेच्या घंटेसारखा खणखणीत. मी तो ऐकला. दुसऱ्या दिवशी ऐकला, पाचव्या दिवशीही ऐकला. एकदा वाटलं, सांगावं की ज्याचा त्यानं आकडा म्हणायचा असतो. सांगितलं नाही. आमच्या घरीही दारात कुणी हाक मारली तर सगळ्यांच्या वतीनं वडीलच ओ देत. म्हणून कदाचित तो आवाज मला खटकावा तितका खटकला नाही. आणि खरं सांगायचं तर मी दमले होते. त्या वर्षीची ती माझी सातवी सहल होती. दमलेला माणूस नियम मोडत नाही. नियमाला थोडा थोडा सैल सोडतो.

सोनकुल नावाचं सरोवर तिथे जवळजवळ दहा हजार फुटांवर आहे. भोवती झाड नाही. नुसतं गवत, घोडे आणि जाड लोकरी नमद्याचे पांढरे गोल तंबू. उन्हाळ्यापुरते तिथे गुराखी राहतात. आम्ही एक रात्र त्या तंबूंत काढली. सकाळी माई माझ्यापाशी आल्या. त्यांच्या जांभळ्या स्वेटरचं वरचं बटण तुटलं होतं. मी माझ्याजवळची पिन काढून तिथे लावली. त्या हवेत नाक वर करून म्हणाल्या, “अहो बाई, शेणीचा वास येतोय. आमच्याकडे आता गॅस आला.” मग लांबच्या एका तंबूकडे पाहत, “ती बाई तिथे काहीतरी घुसळत्ये. बघून येऊ का?”

पाच दिवसांत माईंनी आपणहून काढलेला तो पहिला शब्द. मी म्हटलं, “वेळ नाही माई. गाडीत बसून घ्या.” ‘बसून घ्या’ हे मी बावीस वर्षं इतक्या वेळा म्हटलं आहे, की झोपेतही म्हणत असेन.

पश्चिमेकडून गारांचा ढग येत होता. अझामत घाईत होता; तो घाट ओला झाला की बंद होतो. आदल्या दिवशी माईंना विरळ हवेनं डोकेदुखी झाली होती म्हणून मी त्यांना मागचं लांब बाकडं निजायला दिलं होतं. मास्तर गुडघ्यांमुळे पुढे बसले होते. मी दारात उभी राहिले आणि गणती सुरू केली. लाभ, दोन… सात. “आठ, नऊ!” मी एकदा मागे नजर टाकली. बाकड्यावर माईंची तपकिरी शाल उंचवट्यासारखी पसरलेली दिसली. सोळापर्यंत आकडे पुरे झाले. “चला,” मी म्हटलं.

खाली उतरायला दोन तास लागले. घाट संपल्यावर एक चहाचं दुकान आहे. सगळे पाय मोकळे करायला उतरले. मी म्हटलं, “मास्तर, माईंना उठवा. त्यांची खाण्याची वेळ झाली.” मास्तर मागे गेले. शाल उचलली. खाली उशी होती आणि माईंची कापडी पिशवी.

मास्तर ती शाल हातात धरून उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मागे होती ना ती?”

प्रश्न नव्हता तो. मी ‘हो’ म्हणावं, अशी विनंती होती.

दहा हजार फुटांवर सत्तरीची बाई. गारा. जवळ ना फोन, ना पारपत्र, ना गोळ्या. भाषा येत नाही. वर कुणाला फोन लागत नाही. मी पंधरा जणांना दुकानात बसवलं, दुभाषी मुलीला त्यांच्यापाशी ठेवलं आणि अझामतला गाडी वळवायला सांगितलं. मुलीनं निघण्यापूर्वी विचारलं, रस्त्यात गुराखी भेटले तर काय सांगायचं, अंगावर काय होतं त्यांच्या? ती ते एका कागदावर लिहून देणार होती. मास्तरांनी तोंड उघडलं. “ती… पातळ… नाही, तो पंजाबी…” आणि ते थांबले. त्रेचाळीस वर्षांचा संसार आहे, असं त्यांनीच आम्हाला पहिल्या दिवशी अभिमानानं सांगितलं होतं.

“जांभळा स्वेटर,” मी म्हटलं. “वरचं बटण नाही. तिथे पिन आहे.” एवढं मी पाहिलं होतं. त्या गाडीत नाहीत, तेवढंच पाहिलं नव्हतं.

मास्तर हट्टानं सोबत आले. घाटात गारा बसच्या टपावर मूठमूठ दाणे फेकल्यासारख्या वाजत होत्या. पुसणी काचेवर चीं चीं करत होती. मग मास्तर स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, “गोळ्या माझ्याकडे आहेत.” थोड्या वेळानं, “चष्म्याची डबीही माझ्याकडेच.” आणि मग, “छत्तीस वर्षं हजेरी घेतली मी. एका पोरानं दुसऱ्याचं ‘हजर’ म्हटलं तर हातावर छडी देत असे.”

समजूत घालायची सवय इतकी अंगवळणी पडलेली, की ओठांवर वाक्य तयार होतं. पण ते मला म्हणवलं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुम्हाला ऐकू येत होतं ना? आवाज एकच आहे ते?”

“हो.”

“मग?”

तो ‘मग’ मी पुढे कुठे लिहिला नाही. कचेरीतल्या अहवालात मी वेळ, हवामान, रस्त्याची स्थिती असं सगळं लिहिलं. मालकांनी तो वाचला आणि म्हणाले, “सुखरूप आल्या ना? मग झालं.” कुणी मला जाब विचारला नाही, हे त्यांचं सौजन्य. पण जाब विचारायला एक माणूस त्या घाटात माझ्या शेजारी बसला होता. तो स्वतः गुन्हेगार होता आणि तरीही त्याचा प्रश्न बरोबर होता.

पुढच्या दिवसांचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी फक्त तो तंबू उरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गणती झाली. सात झाले. मास्तर म्हणाले, “आठ.” आणि गप्प राहिले. इंजिनाची घरघर, कुणाच्या तरी वेष्टनाची चुरचुर. मी मागे वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं, घसा साफ केल्यासारखा, वापरात नसलेल्या दाराच्या कडीसारखा एक आवाज आला: “नऊ.” परतीच्या दिवसापर्यंत तो आवाज इतका मोकळा झाला, की मागून दहावा आकडा म्हणणारे गृहस्थ दचकत. यानंतर माझ्या गाडीत कुणी कुणाचा आकडा म्हटला नाही. लहान मुलाचाही नाही. नियम मी पुन्हा घट्ट केला, पण डोळे मिटून ऐकायचं मात्र सोडलं. आता मी आवाजापाठोपाठ चेहरा पाहत असे, एकेक. त्यानं गाडी सुटायला उशीर होई आणि लोक कुरकुरत. त्यानंतर चार वर्षं हे काम केलं, आणि प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक गणतीला, माझ्यापुरती ती तपकिरी शाल पुन्हा उचलली जाई. गुडघे दुखतात म्हणून मी थांबले असं सगळ्यांना सांगितलं आहे. गुडघे दुखतातही.

आम्ही वर पोहोचलो तेव्हा गारा थांबल्या होत्या. गवत पांढरं झालं होतं आणि त्यावर तिरकं, धुतलेलं ऊन पडलं होतं. आमच्या रात्रीच्या तंबूंत कुणी नव्हतं. अझामतनं भोंगा वाजवला. तो आवाज सरोवरावरून गेला आणि परत आला नाही. मास्तर “अगो!” अशी हाक मारत सुटले. नावानं हाक मारायची त्यांना सवय नव्हती, नुसतं “अगो! अगो!” घोडे माना वर करून पाहत होते. माझ्या बुटांत बर्फाचं पाणी शिरलं होतं. मी पाण्याच्या कडेनं धावत होते आणि पाण्याकडे पाहायचं टाळत होते.

मग वास आला. आधी वरचा थर, डोळ्यांत झोंबणारा. मी थांबले. सकाळी माईंनी नाक वर करून जिकडे पाहिलं होतं, तिकडे, लांबच्या तंबूच्या माथ्यावरून धूर सरळ वर चालला होता. ज्या कानांचा गर्व होता ते सकाळी फसले होते. आता नाकानं वाट दाखवली.

तंबूच्या दाराचा नमदा मी बाजूला केला. आत उबदार अंधार होता आणि आंबट दुधाचा दर्प. मधोमध लोखंडी चूल. तिच्यापाशी डोक्याला फडकं बांधलेली एक थोराड बाई शेणी सारत होती. आणि पलीकडे, माणसाएवढ्या उंच चामडी पिशवीपाशी, जांभळ्या स्वेटरातल्या माई उभ्या. पिशवीतून वर आलेलं लाकडी दांडकं त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं आणि त्या घोडीचं दूध घुसळत होत्या. धप्प, धप्प, धप्प. संथ आणि अगदी नेमकं. गाल लाल झालेले. बाजूच्या ताटलीत तळलेल्या पिठाचे चौकोनी तुकडे, आपल्या शंकरपाळ्यांसारखे. बरेचसे संपलेले.

मास्तर माझ्या मागून आत आले आणि दारातच फुटले. “अगो, कुठे गेलीस तू? जीव टांगणीला लागला आमचा! सांगून जायला काय होतं?”

माईंचं दांडकं थांबलं नाही. “मी कुठे जाणार? इथेच होत्ये मी,” त्या म्हणाल्या. “गेलात तुम्ही.”

मास्तरांनी गळ्यातली पिशवी चाचपली. “गोळी…”

“आणा इकडे. जेवल्ये मी. ह्या बाईनं बळेबळे भरवलंन.” माईंनी गोळी घेतली, त्या बाईनं पुढे केलेला चहा घेतला, आणि मग गळ्यातली पिशवीच काढून घेतली. मास्तरांनी मान वाकवली, ती सहज निघावी म्हणून.

मी अजून दारातच होते. केसांतून पाणी गळत होतं. मी माईंची नाडी पाहायला पुढे झाले. “माई, माझं चुकलं. मी पाहायला हवं होतं. छातीत काही होतंय का? चक्कर? चालवेल का? अझामत म्हणतोय घाट बंद व्हायच्या आत निघायला हवं, खाली सगळे वाट पाहतायत, त्यांचं जेवण राहिलंय, मी आधी जाऊन गाडी दाराशी आणवते…”

सकाळी माई मला ‘अहो बाई’ म्हणाल्या होत्या. त्यांनी दांडकं त्या थोराड बाईच्या हातात दिलं. माझ्या खांद्यावरचं ओलं निळं जाकीट उतरवून चुलीजवळच्या दोरीवर टाकलं. खाली अंथरलेल्या नमद्यावर, आपल्या शेजारी, हातानं दोनदा थोपटलं, आणि मला म्हणाल्या,

“बैस.”